‘तात्पर्य काय?’ हे सगळ्यात शेवटी विचारा : नववीच्या वर्गात किशोर कादंबरी शिकवताना

कादंबरीतल्या नायकाबद्दल नववीच्या वर्गाला मी विचारलं, “मित्रावर खोटा आळ आलाय आणि याला सगळं माहीत असून हा गप्प बसलाय. काय वाटतं तुम्हाला?” ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. त्यानं खरं बोलायला पाहिजे होतं. खोटं बोलू नये. मित्राला फसवू नये. तास संपला. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी दोन पोरं हात धूत उभी होती. एक दुसऱ्याला म्हणाला, “मी असतो तर मीबी गप्पच बसलो असतो.” दुसरा म्हणाला, “आणि घरी कळलं असतं म्हंजे?”

कादंबरीचा खरा तास टाकीपाशी चालला होता. वर्गात झाली ती तोंडी परीक्षा.

त्या दिवसापासून मी शिकवण्याचा क्रम बदलला. मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात मराठी शिकवते. वर्गाचा पट ४४, तास ३५ मिनिटांचा, आणि कादंबरीच्या प्रती सात. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत थोड्याफार फरकानं हेच चित्र असतं, म्हणून खाली लिहिलेलं सगळं याच हिशेबानं आहे. मैत्री, अपराधीपणा आणि ‘आता काय करू’ हा पेच ज्या कादंबरीच्या पोटात आहे, अशी कोणतीही किशोर कादंबरी या पद्धतीनं शिकवता येते. आठवड्याला दोन तास धरले तर आठ आठवडे लागतात. दहावीत एवढी उसंत कुणाला नसते आणि आठवीत मुलं थोडी लहान पडतात, म्हणून मी नववी निवडते. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर करते, कारण तोवर वर्गात कुणाचं कुणाशी जमतं आणि कुणाचं बिनसलंय ते बाईंना कळलेलं असतं. पुढं त्याची फार गरज पडते.

पुस्तक निवडताना

वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, कपाटातली पुस्तकं बाहेर निघतात. कादंबरी तेव्हाच हेरून ठेवावी. शाळेत नसेल तर तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात जावं. साताऱ्याकडच्या शाळांना आणखी एक सोय आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. तिथं लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचता येतात. शिक्षकांनी एक दिवस काढून तिथं किशोर साहित्याची मांडणी चाळली तर दुकानात होणार नाही इतकी निवड होते. लांब गोष्ट आधी जमेल की नाही अशी शंका असेल, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाच्या जुन्या अंकांतली एखादी दीर्घकथा घेऊन हात बसवावा. हे मासिक १९७१ पासून निघतंय, त्यामुळे साठा मोठा आहे.

मी निवडताना चार गोष्टी बघते. पानं दीडशेच्या आसपास असावीत. चूक नायकाच्या हातून झालेली असावी. एखादा दुष्ट माणूस आणून त्याच्यावर सगळं ढकललेलं नसावं. नुकसान जवळच्या माणसाचं झालेलं असावं. आणि गोष्टीतली मोठी माणसं देवही नसावीत, राक्षसही नसावीत. यातली दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. खलनायक असला की मुलं सुटतात. ‘तो वाईटच होता’ म्हणून मोकळी होतात आणि स्वतःकडे बघायचं राहूनच जातं.

यापुढची एक कसोटी मी पुस्तक हातात घेतल्यावर लावते. ज्या पानावर नायक निर्णय घेतो किंवा निर्णय घ्यायचं टाळतो, ते पान सापडतं का? सापडलं तर तिथं कागदाची पट्टी घालायची. सापडलं नाही, सगळं आपोआप घडत गेलंय असं वाटलं, तर पुस्तक कितीही चांगलं असलं तरी या कामाला ठेवायचं नाही. पट्टी घातलेलं ते पान म्हणजे आठ आठवड्यांचा कणा.

स्वतः पुस्तक दोनदा वाचावं. दुसऱ्या वेळी वहीत तीन रकाने करावेत : काय घडलं, ते कुणाला माहीत होतं, आणि माहीत असून कोण गप्प बसलं. तिसरा रकाना भरताना आपल्याला पहिल्या वाचनात न दिसलेली माणसं दिसायला लागतात.

पुस्तक उघडण्याआधीचा तास

पहिल्या तासाला पुस्तक आणूच नका. फळ्यावर एक प्रसंग लिहा. मी लिहिते तो असा :

“विनू आणि रफिक जिवलग. प्रयोगशाळेत दोघंच होते. खेळता खेळता विनूच्या धक्क्यानं सूक्ष्मदर्शक खाली पडला, भिंग तडकलं. दोघांनी तो उचलून होता तिथं ठेवला. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘तो नवा पोरगा काल तिकडं फिरत होता.’ नवा पोरगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला, वर्गात येऊन महिनाही झाला नव्हता. तो काहीच बोलला नाही. रफिकनं विनूकडं पाहिलं. विनू वहीत काहीतरी लिहीत होता.”

नावं घेताना वर्गात त्या नावाचं कुणी नाही ना, ते हजेरीत बघून घ्या. आणि तुमच्या वर्गात खरोखरच टोळीबरोबर आलेलं मूल बसत असेल तर प्रसंग बदला. हंगामात आपल्याकडच्या कारखान्यांच्या परिसरात अशी मुलं येतात. त्यांना फळ्यावर उभं करायचं नाही. अशा वेळी मी नवा पोरगा ‘शहरातून बदली होऊन आलेल्या क्लार्कचा मुलगा’ करते.

प्रसंग लिहून झाला की चूक कुणाची हे विचारू नका. मोजायला लावा. या क्षणी वर्गात किती जणांना खरं माहीत आहे? मुलं आधी दोन म्हणतात. मग कुणीतरी म्हणतं, तीन, कारण नव्या पोराला तरी माहीत आहेच की आपण केलं नाही. मग विचारा, तिघंही गप्प आहेत, पण तिघांचं गप्प बसणं एकच आहे का? माझ्या वर्गात या एका प्रश्नावर वीस मिनिटं गेली. विनू स्वतःसाठी गप्प आहे. रफिक दोस्तासाठी गप्प आहे. आणि नवा पोरगा? एक मुलगी सावकाश म्हणाली, “त्याला माहीत हाय, बोललं तरी कोण ऐकणार नाही.”

मागच्या वर्षी एकानं विचारलं, “बाई, त्या दोघांना नावं हायत, त्याला नाव का नाही?” मी ते मुद्दामच ठेवलं होतं, पण त्याआधी दोन वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं फळ्यावर ‘नवा पोरगा’ खोडलं आणि वर ‘दत्ता’ लिहिलं. पुढचे आठ आठवडे कादंबरीतल्या ज्या माणसाला नाव नव्हतं, त्याला वर्ग नाव देत राहिला.

याच तासात चुगली आणि साक्ष यांतला फरक निघाला पाहिजे. “दोस्ताचं नाव सांगायचं नसतंय,” हा आपल्या पोरांचा पक्का कायदा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात निष्ठा आहे. म्हणून ‘नाव सांगणं म्हणजे चुगलीच का?’ असं विचारा आणि दोन्ही शब्दांची व्याख्या मुलांकडूनच घ्या. माझ्याकडे आलेली सगळ्यात नेमकी व्याख्या मागच्या बाकावरची आहे : “चुगलीत सांगणाऱ्याचा फायदा असतोय, साक्षीत तोटा.” ती मी कार्डशीटवर लिहून भिंतीला लावली. शेवटच्या तासापर्यंत ती तिथंच होती.

शब्द गोळा करा

पुढचा एक अख्खा तास शब्दांना द्या. मुलांना ‘वाईट वाटलं’ यापलीकडे शब्द सापडत नाही, आणि शब्द नसला की भावना ओळखता येत नाही. घरून गोळा करून आणायला सांगा : मनाला लागून राहिलेल्या चुकीबद्दल आजी, आई, चुलते काय म्हणतात? माझ्याकडे टोचणी, रुखरुख, बोच आले. जीव खातोय, घास उतरत नाही, मान वर होत नाही, हेही आले. एक आजी ‘चोराच्या मनात चांदणं’ म्हणाली होती. ही म्हण फळ्यावर घेऊन उलगडाच. रात्र काळोखी असली तरी चोराला वाटतं उजेड पडलाय, सगळ्यांना आपण दिसतोय. कादंबरीत नायक साध्या बोलण्यावर दचकतो तिथं मुलं आपणहून ‘बाई, चांदणं’ म्हणायला लागतात.

मग दोन ढीग करा. एकात लाज, शरम, तोंड दाखवायला जागा न उरणं. दुसऱ्यात टोचणी, रुखरुख, पश्चात्ताप. विचारा, कुणीच पाहिलं नसतं तर यातला कोणता ढीग उरतो? लाजेला बघणारा लागतो, टोचणीला लागत नाही. हा फरक नववीच्या मुलांना उत्तम कळतो, फक्त कुणीतरी समोर मांडावा लागतो. गावात जिथं सगळ्यांना सगळं कळतं, तिथं लाजेला फार वजन असतं, आणि म्हणूनच पुष्कळ मुलं दोन्ही एकच समजतात.

‘शिक्षा’ आणि ‘प्रायश्चित्त’ हे शब्द वेगळे करायला मी रामशास्त्री प्रभुण्यांना घेते. ते साताऱ्याजवळच्या माहुलीचे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर बसले. तेव्हा न्यायाधीश असलेल्या रामशास्त्र्यांनी त्यांनाच या खुनाला देहान्त प्रायश्चित्त आहे असं सांगितलं आणि पद सोडून ते वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले. ‘ध’ चा ‘मा’ मुलांना माहीत असतोच. मी विचारते, शास्त्री ‘शिक्षा’ न म्हणता ‘प्रायश्चित्त’ का म्हणाले असतील? शिक्षा दुसरा देतो. प्रायश्चित्त ज्याचं त्याला घ्यावं लागतं, दुसरा फार तर सांगू शकतो. हे धरून ठेवा, शेवटच्या प्रकरणांना लागतं.

वाचन आणि ती पट्टी

पहिली दोन प्रकरणं शिक्षकानं मोठ्यानं वाचावीत. मुलांना वाचायला लावलं की अडखळणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि गोष्ट बाजूला राहते. तिसऱ्या प्रकरणापासून सात गट करा, गटाला एक प्रत. घरी वाचून आणा म्हणून सोडून देऊ नका. संध्याकाळी धारा, दळण, धाकटी भावंडं. प्रत सहा घरांत फिरणार तरी कधी? तासाची पहिली बारा मिनिटं गटात वाचनाला द्या, एकानं हलक्या आवाजात वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्याला पुस्तक घरी हवंच असेल त्याला शनिवारी द्या.

पट्टीचं पान आलं की पुस्तक मिटायचं. तास संपायला पंधरा मिनिटं असताना ते पान यावं असं आधीच मोजून ठेवा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि एकच प्रश्न लिहा : आता या मुलाला काय काय करता येईल? ‘काय करायला पाहिजे’ असं चुकूनही विचारू नका. मी त्या आठवड्यापुरता ‘पाहिजे’ हा शब्दच वर्गातून काढून टाकते. कुणी वापरला की शेजारच्यानं ‘पाहिजे नको’ म्हणायचं. मुलं हे फार आवडीनं पाळतात. ‘पाहिजे’ गेला की वर्गात पहिल्यांदाच खरी उत्तरं यायला लागतात : पळून जाईल. आईला सांगेल, बाबांना नाही. दुसऱ्या कुणाच्या नावानं चिठ्ठी टाकेल. थोडे दिवस बघेल, प्रकरण थंड होतंय का. मित्राला पैसे देऊन भरपाई करेल, पण कारण सांगणार नाही.

निदान सहा वाटा निघाल्याशिवाय थांबू नका. मग प्रत्येक वाटेपुढं लिहा, याची किंमत कोण मोजणार? हा रकाना फळ्यावर भरताना वर्ग शांत होत जातो, कारण जवळजवळ प्रत्येक सोप्या वाटेची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडते. ते मुलांना आकड्यासारखं समोर दिसतं. आपण काही बोलायची गरज पडत नाही. खरंच बोलू नका.

चिठ्ठ्या नावानिशी गोळा करा, पाकिटात घालून बंद करा. शेवटच्या तासाला लागतील.

लेखक काय लिहीत नाही ते दाखवा

पट्टीच्या पानानंतरची प्रकरणं मुलांना कंटाळवाणी वाटू शकतात, कारण ‘घडत’ काही नाही. नायक नुसता गप्प आहे. पण कादंबरीचं मर्म तिथंच असतं. फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिते.

एक : त्याला फार अपराधी वाटलं.

दोन : आईनं दुसरी भाकरी वाढायला घेतली तेव्हा त्यानं ताटावर हात धरला.

पहिल्या वाक्यानं मुलांना माहिती मिळते. दुसऱ्यानं प्रश्न पडतो. का धरला हात? भूक नाही का? की आईच्या हातचं घ्यायची लायकी नाही असं वाटलं? आता प्रत्येक गटाला चार-चार पानं द्या आणि हात, पाय, डोळे, जेवण, झोप जिथं जिथं येतं तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायला सांगा. टिंबं दिल्यावर मुलांना दिसतं की नायक ज्या दिवसापासून गप्प बसला, त्या दिवसापासून त्याचं शरीर बोलायला लागलंय. नंतर गृहपाठ द्या : ‘वाईट’, ‘अपराधी’, ‘दुःख’, ‘पश्चात्ताप’ हे चार शब्द न वापरता पाच ओळीत टोचणी दाखवा. माझ्याकडच्या एका मुलानं लिहिलं होतं, “त्या दिवसापासून तो मित्राच्या घरावरून जाताना सायकलची घंटी वाजवत नव्हता.” एवढीच ओळ. तिच्यावर मी काही शेरा लिहू शकले नाही, नुसती खाली रेघ ओढली.

भिंतीवर एक लांब कागद लावून त्यावर ‘गप्प बसण्याचे दिवस’ मोजा. पहिल्या दिवशी खरं सांगणं किती अवघड होतं, दहाव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती? उशीर हीच एक नवी चूक कशी होत जाते, ते या कागदावर उतरतं.

दोस्ती की खरं

इथं मी दोन तास कर्णाला देते. युद्धाआधी कृष्ण कर्णाला गाठून सांगतो, तू कुंतीचा मोठा मुलगा आहेस, चल, राज्य तुझं आहे. कर्ण नाही म्हणतो. ज्या राधा-अधिरथांनी वाढवलं त्यांना आणि ज्या दुर्योधनानं हात दिला त्याला सोडणार नाही म्हणतो. दुर्योधनाची बाजू हरणार, हे दिसत असूनही. वर्गात मतं दोन बाजूंना पडतात आणि दोन्ही बाजूंची मुलं तळमळीनं बोलतात. नंतर त्यांना द्यूतसभेतला विकर्ण आठवून द्या : कौरवांतलाच एक भाऊ, द्रौपदीच्या बाजूनं उभा राहून बोलणारा. पुढं युद्धात तोही कौरवांकडूनच लढला. म्हणजे आपल्या माणसांत राहून त्यांच्या तोंडावर चूक सांगता येते. कादंबरीतल्या मित्रांपैकी कर्णासारखा कोण, विकर्णासारखा कोण, आणि भीष्मांसारखं सगळं कळत असून खाली बघणारं कोण? या प्रश्नावर प्रत्येक गटाला कादंबरीतलं एक तरी वाक्य पुरावा म्हणून आणायला सांगा. पुरावा नसलेलं मत ऐकून घ्या, पण फळ्यावर घेऊ नका.

उभं करून बघा

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत. आपल्या पोरांना नाटक वेगळं शिकवावं लागत नाही. तरीही एक सांगते : खटला भरवू नका. सगळ्यांचा पहिला हट्ट खटल्याचाच असतो. वकील, न्यायाधीश, ऑर्डर ऑर्डर. मी एकदा भरवला. बोलकी पोरं वकील झाली, जिंकली, टाळ्या झाल्या, आणि नायकाच्या मनात काय चाललंय ते कुठल्या कुठं गेलं. कादंबरी गुन्ह्याबद्दल राहिली, माणसाबद्दल राहिली नाही.

त्याऐवजी हे करा. एक मूल नायक होऊन खुर्चीवर बसेल, बोलणार नाही. मागं दोघं उभे. एक म्हणणार ‘सांग’, आणि का ते सांगणार. दुसरा म्हणणार ‘नको’, आणि का ते सांगणार. आलटून पालटून, प्रत्येकी चार वाक्यं. खुर्चीतल्यानं फक्त ऐकायचं. मग त्याला विचारायचं, कोणतं वाक्य लागलं? उत्तर बहुतेक वेळा ‘नको’वाल्याचंच एखादं वाक्य असतं, आणि तेच चर्चेला घ्यायचं.

दोन पथ्यं कडक पाळा. ज्यांचं वर्गात खरंच भांडण आहे त्यांना एकमेकांसमोर उभं करू नका. आणि आळ आलेल्या मुलाचं काम ज्याला एरवीही सगळे बोल लावतात त्या मुलाकडे कधी देऊ नका. ते त्याच्या अंगाला चिकटतं. खेळ झाला की प्रत्येकानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगून जागेवर जायचं. मला हे आधी उगाच वाटायचं. एकदा विसरले, तेव्हा आठवडाभर एका पोराला सगळे कादंबरीतल्याच नावानं हाका मारत होते. तेव्हापासून विसरत नाही.

पत्र, आणि माझ्या हातून झालेली चूक

पहिल्या वर्षी मी मुलांना निबंध दिला होता, ‘माझ्या हातून घडलेली चूक’. वह्या तपासल्या आणि चांगले निबंध नाव न घेता वाचून दाखवले. चौथा वाचताना एका मुलीनं डोकं बाकावर टेकलं. नाव घेतलं नव्हतं, पण गाव लहान; तिच्या घरातली गोष्ट दोन वाक्यांत ओळखू येत होती. तिनं मला काही म्हटलं नाही. वर्षभर वहीत फळ्यावरचं तेवढंच लिहिलं, स्वतःचं एक वाक्य नाही. मी तिची माफी मागितली. ती “असू दे बाई” म्हणाली. तिचं लिहिणं काही परत आलं नाही.

म्हणून मुलांना स्वतःची कबुली लिहायला कधीही लावू नका. कादंबरीतल्या पात्राचं पत्र लिहायला द्या. ज्याला स्वतःचं काही त्यात मिसळायचं असतं, तो पात्राच्या आडून मिसळतो, आणि ते आपण ओळखलं तरी बोलायचं नसतं.

पत्राआधी मी गांधीजींच्या आत्मकथेतला चोरीचा प्रसंग वाचून दाखवते. वय १५. भावावर झालेलं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा कापला. नंतर राहवलं नाही, तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी वाचली, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं, आणि त्यांनी ती फाडून टाकली. चिठ्ठीत काय काय होतं ते मुलांकडून काढून घ्या : केलं ते सांगितलंय, शिक्षा मागितलीय, वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंती आहे, आणि पुन्हा करणार नाही असं वचन आहे. काय नाही? ‘पण’ नाही. ‘मी केलं, पण’ असं कुठं नाही.

आता मुलांनी नायकाचं पत्र लिहावं, आणि लिहून झाल्यावर शेजाऱ्याशी वही बदलून त्यातले ‘पण’ शोधावेत. प्रत्येक ‘पण’ खोडायचाच असं नाही. काही ‘पण’ खरे असतात. खोडायचा की ठेवायचा, आणि का, ते समासात लिहायचं.

इतकं करूनही एखादं मूल तास संपल्यावर रेंगाळेल आणि काहीतरी सांगेल. तेव्हा ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या भल्यासाठी लागेल तेवढंच आणि तेवढ्याच माणसांना सांगेन’ एवढंच म्हणा. ऐका, उलटतपासणी करू नका. पेन्सिल चोरल्यासारखी गोष्ट असेल तर ती कशी परत करायची ते त्याच्याबरोबर बसून ठरवा. पण मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होत असल्याचं कळलं, तर तिथं शिक्षकाला निवड नाही : २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गात कायम लावलेला असावा. हा धडा सुरू करायच्या आधीच मुख्याध्यापकांशी यावर बोलून ठेवा.

पालक आणि गुण

पालकसभेत कुणीतरी विचारणारच, पोरांना चोरी-लबाडीच्या गोष्टी कशाला शिकवता? वाद घालू नका, पुस्तकाची एक प्रत घरी द्या. माझ्याकडे विचारणारे एक वडील प्रत परत द्यायला स्वतः आले आणि शेवटच्या प्रकरणाबद्दल अर्धा तास बोलत उभे राहिले.

गुण मी तीनच गोष्टींना देते. मताला पुस्तकातला आधार आहे का? आपल्याविरुद्धचं मत नीट मांडून दाखवलंय का? आणि आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं, ते का बदललं किंवा बदललं नाही? नायकानं योग्य केलं असं लिहिणाऱ्याला आणि अयोग्य केलं असं लिहिणाऱ्याला सारखेच गुण मिळू शकतात, हे आधीच जाहीर करा. कृतिपत्रिकेतल्या स्वमताच्या प्रश्नाला याचा आपोआप फायदा होतो, पण ते मुलांना सांगत बसू नका. परीक्षेचं नाव निघालं की पुन्हा सगळे ‘पाहिजे’वर येतात.

शेवटचा तास

शेवटचं प्रकरण पुन्हा शिक्षकानं वाचायचं. वाचून झाल्यावर लगेच बोलायचं नाही. दोन मिनिटं तसंच बसायचं. मग पाकीट फोडून ज्याची त्याची चिठ्ठी परत द्यायची. मुलांना आठवतही नसतं आपण काय लिहिलं होतं. त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला सांगा : तेव्हा मी ही वाट का लिहिली असेन?

आणि आता, हवं असेल तर, विचारा तात्पर्य काय. माझ्या वर्गात गेल्या वर्षी कुणी हात वर केला नाही. दोघं-तिघं अजून चिठ्ठीवर लिहीत होती.  टाकीपाशी बोलणाऱ्या त्या मुलाची चिठ्ठी मी त्याच्या परवानगीनं पाहिली होती. समोरच्या बाजूला ‘गप्प बसेल’ असं होतं. मागच्या बाजूला त्यानं ‘कारण मला बाबांची भीती वाटते’ असं लिहून त्यातला ‘मला’ खोडला होता, आणि मग पुन्हा वर लिहिला होता.

चिठ्ठ्या गोळा करू नका, कपाटात ठेवू नका. ज्याची त्याला घरी नेऊ द्या.